गिझर तापतोय म्हणून ठीक आहे असं नाही. एलिमेंट कसं तपासायचं, कधी बदलायचं?

दिवाळी झाली की बेळगावकडची हवा बदलते. पहाटे उठून बंब पेटवायची पद्धत बहुतेक घरांतून गेली. तांब्याचा बंब माळ्यावर गेला किंवा मोडीत, आणि न्हाणीच्या भिंतीवर पांढरा गिझर आला. वर्षातले सात-आठ महिने ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ती वस्तू नोव्हेंबरात अचानक रोज लागते आणि मग तक्रारी सुरू होतात. पाणी तापत नाही, उशिरा तापतं, बटण दाबलं की अख्ख्या घराची वीज जाते.

गेल्या थंडीत मावशीच्या घरी गेलो होतो. न्हाणीच्या दाराशी रबरी चपलांचा एक जोड वेगळा ठेवलेला दिसला. विचारलं तर म्हणाली, "अरे, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. म्हणून चपला घालून आंघोळ करतोय आम्ही. पाणी मात्र फर्स्ट क्लास तापतं बघ."

मेन बंद करून गिझरचं खालचं झाकण उघडलं. अर्थिंगची हिरवी वायर मधोमध कापून, तिच्या टोकाला टेप गुंडाळून ठेवली होती. काही महिन्यांपूर्वी गिझर लावला की मेन बोर्डावरची आरसीसीबी पडायची. त्या वेळी आलेल्या वायरमनने केलेली दुरुस्ती ती एवढीच. वीज जायची थांबली, घरचे खूश, वायरमनचे पैसे वसूल. एलिमेंट फुटलेलंच होतं, ते फुटलेलंच राहिलं.

असं करणारा तो एकटाच वायरमन नाही, म्हणून हा विषय जरा सविस्तर.

आत काय असतं

गिझरच्या टाकीत वाकवलेली एक नळी असते, तिलाच आपण एलिमेंट किंवा कॉइल म्हणतो. नळी तांब्याची, स्टेनलेस स्टीलची किंवा इन्कोलॉय नावाच्या मिश्रधातूची. तिच्या आत मधोमध निक्रोमची बारीक वेटोळी तार जाते. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड घट्ट ठासून भरलेली असते. या पुडीचा गुण असा की ती उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज अडवते. म्हणूनच २३० व्होल्टची तार पाण्यात बुडालेली असूनही पाण्यात करंट उतरत नाही.

हे बिघडतं ते दोन तऱ्हेनं. एक, आतली तार तुटते. मग पाणी थंडच राहतं, खिशाला चाट बसते, बाकी काही होत नाही. दुसरं, बाहेरच्या नळीला बारीक भेग किंवा छिद्र पडतं. पाणी पुडीत शिरतं आणि पूड ओली झाली की वीज अडवायचं तिचं काम संपतं. गंमत अशी की तार शाबूत असते, त्यामुळे पाणी नेहमीसारखंच तापत राहतं. घरातल्या कुणालाही संशय येत नाही. जीव जातात ते या दुसऱ्या प्रकारात.

नळीला भेग पडायचं मोठं कारण म्हणजे क्षार. बोअरचं पाणी जड असतं. तापवलं की त्यातला चुना खाली बसतो आणि एलिमेंटवर पांढरा, दगडासारखा थर चढतो. या थरामुळे वीजबिल वाढतं असं सर्रास सांगितलं जातं, पण ते तितकंसं खरं नाही. एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असतं, तिथली उष्णता शेवटी पाण्यातच जाणार, फक्त जरा उशिरानं. खरा फटका एलिमेंटला बसतो. थरामुळे आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, तार आणि नळी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापतात, आणि रोज तापून-निवून नळी कधीतरी तडकते. थर्मोस्टॅट कायम शेवटच्या टोकाला फिरवून ठेवणाऱ्यांच्या गिझरात हा थर लवकर साचतो, कारण पाणी जितकं जास्त तापतं तितका चुना जास्त बसतो. आंघोळीला ५५ अंश भरपूर झाले, त्यातही आपण गार पाणी मिसळतोच.

पाणी तापत नाही? आधी घड्याळ बघा

पाणी तापेना म्हटल्यावर थेट एलिमेंट बदलणारे बरेच आहेत. दोष भलतीकडेच असतो आणि नवं एलिमेंट टाकूनही पाणी थंडच राहतं. काही गोष्टी तुम्ही घरीच बघू शकता, त्याला कुणाला बोलवायची गरज नाही.

१५ लिटरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. एलिमेंट २००० वॉटचं असेल तर हे काम १८ ते २० मिनिटांत व्हायला हवं. २५ लिटरच्या गिझरला अर्धा तास. स्वयंपाकघरातल्या ३ लिटरच्या, ३००० वॉटच्या छोट्या गिझरला अडीच-तीन मिनिटं. एवढ्या वेळात गिझरचा दिवा विझत असेल तर एलिमेंट आपलं काम करतंय, पाणी गार का येतं ते मिक्सरच्या नळात किंवा पाइपात शोधा.

वेळ जास्त लागत असेल तर आधी व्होल्टेज बघा. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर २००० वॉटचं एलिमेंट जेमतेम १३६५ वॉट देतं, म्हणजे २० मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. खेड्यात पहाटे पंप सुरू झाले की गिझर मंदावतो तो यामुळे. त्यात एलिमेंटचा दोष नसतो, आणि बदलूनही काही फरक पडत नाही.

मग प्लग. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर करंट घेतो, ३००० वॉटचा १३. त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. तरीही साध्या ५-६ अँपिअरच्या बोर्डावर किंवा एक्स्टेंशनवर गिझर चालवलेले बघायला मिळतात. प्लगची पिन काळी पडली असेल, सॉकेट हाताला गरम लागत असेल, जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर रोग तिथेच आहे. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदललं तर जुन्यापायी नवंही जळतं.

गिझरच्या झाकणाआड बहुधा एक लहान बटण असतं, तो थर्मल कटआउट. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की तो उडतो आणि हाताने दाबल्याशिवाय परत लागत नाही. वीज काढून, गिझर निवल्यावर एकदा दाबून बघायला हरकत नाही. पुन्हा उडाला तर थर्मोस्टॅट चिकटलाय असं समजा आणि तो बदला. इथे एक धोक्याचा उद्योग चालतो. थर्मोस्टॅट किंवा कटआउट बाजारात लगेच मिळत नाही, मग 'तात्पुरतं डायरेक्ट जोडून' दिलं जातं. तात्पुरतं म्हणजे किती वर्षं ते विचारू नका. डायरेक्ट केलेला गिझर कुणाच्याही सांगण्याने थांबत नाही, पाणी उकळून टाकीत दाब वाढत जातो. अशा वेळी वाचवायला उरतो तो फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि तोही थेंब-थेंब गळतो म्हणून कुणीतरी बूच मारून ठेवलेला असतो. तो थेंब गळणं हे त्याचं कामच आहे, त्याचं तोंड कधीही बंद करू नका.

दोन मापं, आणि दुसरं महत्त्वाचं

इथून पुढे झाकण उघडायचंय, म्हणून आधी वीज. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं झालेलं असेल तर ते बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच गिझरपर्यंत जिवंत राहतो. एमसीबी पाडा, प्लग उपसून बाजूला ठेवा. प्लग नसेल, थेट जोडणी असेल, तर मेन बंद करा आणि टेस्टर लावून खात्री करा. तो टेस्टर चालतो की नाही हेही आधी चालू सॉकेटमध्ये बघून घ्या.

झाकण काढल्यावर मोबाइलवर वायरींचा फोटो काढा. नंतर कुठली वायर कुठे होती हे आठवत बसण्यापेक्षा हे बरं. एलिमेंटच्या दोन टोकांपैकी किमान एका टोकाची वायर सोडवा. नाहीतर मल्टिमीटर एलिमेंटबरोबर दिव्याचंही माप घेईल.

पहिलं माप दोन टोकांमधलं, मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून. २००० वॉटच्या एलिमेंटला साधारण २६ ओहम यायला हवेत, ३००० वॉटच्याला १७-१८, १५०० वॉटच्याला ३५, १००० वॉटच्याला ५३. एक-दोन ओहम इकडेतिकडे चालतील. काहीच आकडा आला नाही, म्हणजे पडद्यावर डावीकडे नुसता १ किंवा 'ओएल' दिसलं, तर तार तुटली. एलिमेंट संपलं.

बहुतेक जण इथेच थांबतात. २६ ओहम आले, एलिमेंट ओके, झाकण लावा. मावशीच्या गिझरचंही हे माप अगदी बरोबर २६ आलं होतं.

दुसरं माप एका टोकापासून एलिमेंटच्या धातूच्या नळीपर्यंत, किंवा ती ज्या पत्र्याला जोडलेली असते त्या फ्लँजपर्यंत. आता दोन्ही टोकांच्या वायरी सोडवलेल्या हव्यात. मल्टिमीटर सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवा. इथे कसलाच आकडा यायला नको. काही हजार किंवा लाखभर ओहम दाखवले तर नळी फुटली किंवा पूड ओली झाली हे नक्की, ते एलिमेंट पुन्हा बसवू नका.

पण आकडा आला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. मल्टिमीटर आपल्या लहानशा बॅटरीच्या काही व्होल्टवर मोजतो आणि एलिमेंटला रोज सोसायचे असतात २३०. कमी व्होल्टवर न दिसणारी गळती जास्त व्होल्टवर उघडी पडते. त्यासाठी वायरमनकडे मेगर असतो, तो ५०० व्होल्ट लावून मोजतो. मेगरवर १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर एलिमेंट बाद. चांगलं एलिमेंट याच्या कितीतरी पट जास्त दाखवतं. मेगर लावताना थर्मोस्टॅट आणि दिवा सोडवलेले असावेत.

याला एक अपवाद आहे आणि तो गोवा-कोकणाकडच्या वाचकांना उपयोगी पडेल. पूर्ण पावसाळा बंद राहिलेल्या गिझरात, टोकांजवळच्या सीलमधून हवेतली ओल पुडीत शिरते. पहिल्यांदा चालू करताच आरसीसीबी पडते. अशा वेळी एलिमेंट काढून, नीट वाळवून पुन्हा मेगर लावावा. माप सुधारलं तर एलिमेंट वापरता येतं, जैसे थे राहिलं तर बदलावं. उलट, गिझर लावल्यावर आठ-दहा मिनिटांनी, पाणी तापत आल्यावर आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा नळीला भेग आहे. तापल्यावर भेग उघडते, निवल्यावर मिटते.

मल्टिमीटर धरायची सवय नसेल तर हे काम वायरमनलाच करू द्या. फक्त शेजारी उभे राहा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा. दुसरा आकडा मागितल्यावर "त्याची काय गरज नाही" असं उत्तर आलं, तर दुसरा वायरमन बघा.

अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला?

हा प्रश्न नेहमी येतो. फुटलेल्या एलिमेंटमधून वीज टाकीच्या पत्र्यावर येते. अर्थिंगची वायर धड असेल तर ती तिथून जमिनीत जाते. पण किती? समजा तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. गिझरवर १६ अँपिअरची एमसीबी असेल तर ती एवढ्याने पडणारच नाही. वीज जमिनीत वाहत राहील आणि पत्र्यावर धोकादायक व्होल्टेज तसंच राहील. आपल्याकडच्या जांभ्या मातीत उन्हाळ्यात ओल उरत नाही, खड्डा कोरडा पडतो आणि रोध आणखी वाढतो. जुने लोक मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर बादली-बादली पाणी ओतायचे ते काही उगीच नव्हे.

आरसीसीबी फेजवरून गेलेला करंट आणि न्यूट्रलवरून परत आलेला करंट यांची सतत तुलना करते. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरच्या फरकालाच पडते. अर्थिंग नीट असेल तर पत्र्यावर वीज आल्या क्षणी, कुणी हात लावायच्या आधीच ती पडते. अर्थिंग कापली तर गळणाऱ्या विजेला जायला वाटच उरत नाही, फरक दिसत नाही, आरसीसीबी गप्प बसते. मग नळाखाली ओल्या अंगाने, अनवाणी उभा असलेला माणूसच ती वाट होतो.

पूर्वी लोखंडी जीआय पाइप जमिनीतून यायचे, त्यामुळे नकळत का होईना टाकीला थोडी अर्थिंग मिळायची. आता सगळीकडे प्लास्टिकचे पाइप. त्यातून करंट येत नाही असं वाटतं, पण आतलं पाणी थोडा करंट वाहून नेतंच, आणि बोअरचं क्षारांचं पाणी अधिक. मावशीच्या झिणझिण्या इथूनच येत होत्या. ३० मिलीअँपिअरपेक्षा कमी, म्हणून आरसीसीबीला पत्ता नाही, पण माणसाला जाणवण्याइतक्या. ही वाट आणखी थोडी सोपी झाली असती तर चपलांचा काही उपयोग झाला नसता.

अर्थिंग नुसत्या मल्टिमीटरने तपासू नये. फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले तरी तेवढ्याने अर्थिंग चांगली ठरत नाही. मल्टिमीटर जवळजवळ करंटच घेत नाही, त्यामुळे धाग्यासारख्या कमजोर जोडणीवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. अनुभवी वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून बघतात. न्यूट्रलवर पेटतो तितकाच लख्ख पेटला तर ठीक, मिणमिणला तर अर्थिंग नावालाच आहे. आरसीसीबी असलेल्या घरात या चाचणीने ती पडते, आणि तसं पडणं चांगलंच. आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण मात्र तुम्ही स्वतः महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडली नाही तर ती बदलायला झाली.

बदलायचं ठरलं तर

आधी वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या टाकीची, एलिमेंटची आणि बाकी गिझरची वॉरंटी वेगवेगळ्या मुदतीची देतात, आणि बाहेरच्या माणसाने उघडला की ती जाते. मुदत संपली असेल तर नवं एलिमेंट काही शे रुपयांत मिळतं. जुनं दुकानात घेऊन जा. वॉट, लांबी, फ्लँजच्या भोकांची संख्या आणि वाकण जुळलं पाहिजे. जास्त लवकर तापेल म्हणून २००० च्या जागी ३००० वॉटचं घालू नका, तुमची वायर आणि थर्मोस्टॅट त्या मापाचे नसतात. आयएसआय मार्क बघून घ्या. पाणी जड असेल तर तांब्यापेक्षा इन्कोलॉयची नळी जास्त टिकते, थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

टाकी रिकामी करताना अनेकांची फसगत होते. गरम पाण्याचा नळ उघडला तरी टाकी रिकामी होत नाही, कारण गरम पाणी वरच्या टोकाकडून घेतलेलं असतं. आत येणारं पाणी बंद करा, गरम नळ उघडून दाब सोडा, मग खालची गार पाण्याची जोडणी किंवा ड्रेन सोडून पाणी बादलीत घ्या. पाणी निवू द्या, १५ लिटर उकळतं पाणी हातावर घेण्यात काही अर्थ नाही. मग फ्लँजचे नट सोडा. फ्लँज खाली येताना चुन्याचे खडे, गाळ, कधी कधी ओंजळभर माती पडते. टाकी आतून धुऊन घ्या.

त्याच फ्लँजवर एक राखाडी दांडी असते, मॅग्नेशियमची. ती स्वतः गंजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. बोटाएवढी जाड दांडी झिजून तारेसारखी झाली असेल तर लगे हात तीही बदला. एलिमेंट बदललं आणि दांडी तशीच ठेवली तर पुढच्या खेपेला टाकीच गळते, आणि टाकी कुणी दुरुस्त करून देत नाही.

रबरी गॅस्केट नवंच घाला. नट एका मागोमाग एक न आवळता समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, म्हणजे गॅस्केट एकसारखं दबतं. अर्थिंगची हिरवी वायर स्वच्छ जागी, घट्ट. मग वीज न लावता पाणी सोडा आणि गरम नळ उघडा ठेवा. आधी हवा फुसफुसेल, मग पाण्याची अखंड धार येईल. पाच-दहा मिनिटं फ्लँजखाली कोरडा कागद धरून गळती बघा. मगच वीज लावा. कोरड्या टाकीत चालू केलेलं नवं एलिमेंट बघता बघता जळतं, आणि त्याला वॉरंटीही लागू होत नाही.

मावशीकडे एलिमेंट, गॅस्केट आणि दांडी बदलली, हिरवी वायर पुन्हा जोडली. नव्या एलिमेंटचं पहिलं माप पुन्हा २६ च आलं. मेगरचा काटा मात्र शेवटच्या टोकाला जाऊन थांबला. आरसीसीबी पडली नाही. जुनं एलिमेंट तांब्याचं निघालं, ते मावशीने भंगारवाल्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. चपलांचा जोड अजून न्हाणीच्या दाराशीच आहे. "असू दे रे, सवय झालीय," म्हणते.